पक्षाचं कार्ड आणि बंद पाकीट : तुझ्लामधल्या बेरोजगार तरुणांचं प्रकरण

तुझ्ला हे बोस्नियाच्या ईशान्येला वसलेलं मिठाचं शहर. तुर्की भाषेत मिठाला 'तूझ' म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं. जमिनीखाली खारं पाणी आणि शेजारी कोळशाच्या खाणी. या दोहोंच्या जोरावर युगोस्लाव्हियाच्या काळात इथे रासायनिक कारखाने उभे राहिले. दीताची धुण्याची पावडर, पोलिहेमची रसायनं, कोन्यूहचं फर्निचर ही सगळी याच परिसरातली. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी याच कारखान्यांचे कामगार परगण्याच्या, म्हणजे स्वतःचं सरकार असलेल्या छोट्या प्रांताच्या, सरकारी इमारतीसमोर जमले. त्यांचे पगार थकले होते, कारखाने खाजगी मालकांच्या हाती जाऊन दिवाळ्यात निघाले होते. दोन दिवसांत त्या गर्दीत तरुणांची संख्या वाढत गेली आणि ७ तारखेला इमारत पेटली. त्याच दिवशी परगण्याच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला. सारायेव्हो, झेनित्सा, मोस्तार इथेही सरकारी इमारती जळल्या. मोस्तारमध्ये तर एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन राष्ट्रवादी पक्षांची कार्यालयं एकाच दिवशी पेटवली गेली.

ते आंदोलन कामगारांचं होतं, असंच बहुतेक ठिकाणी लिहिलं गेलं आणि ते बरोबरच आहे. मला मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यात मिसळलेल्या पोरांविषयी लिहायचं आहे. त्यांना कोणी कामावरून काढलेलं नव्हतं, कारण त्यांना काम कधी लागलंच नव्हतं. त्यांच्यापुढे एकच रीतसर दिसणारी वाट होती : पक्षात जा, काम कर, मग बघू. या वाटेवर चालणाऱ्याच्या पदरात नेमकं काय पडतं, ते या प्रकरणात उघडं दिसतं.

आधी आकड्यांचं पाहू. २०१४ मध्ये बोस्नियात सर्वेक्षणानुसार बेरोजगारीचा दर २७.५ टक्के होता. रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेल्यांच्या हिशेबाने तो ४० टक्क्यांच्याही वर जायचा. ही तफावत पडते, कारण नोंदणी असली की आरोग्य विमा मिळतो आणि त्यामुळे इकडेतिकडे बिननोंदीचं काम करणारेही नाव काढत नाहीत. १५ ते २४ वयोगटाचा दर ६० टक्क्यांच्या आसपास होता. याचा अर्थ शंभरातली साठ पोरं घरी बसून होती असा नाही. शिकणारी मुलं या हिशेबात येतच नाहीत. काम करणारी आणि काम शोधणारी अशी शंभर मुलं घेतली तर त्यातल्या साठेकांना काम नव्हतं. एवढं नीट लावून घेतलं तरी आकडा भयंकरच राहतो.

आता पक्ष यात कुठून आला? १९९५ च्या डेटन कराराने बोस्नियातलं युद्ध थांबवलं आणि सत्ता बारीक वाटून टाकली. देशाचं एक सरकार, दोन घटकांची दोन, आणि त्यातल्या फेडरेशन नावाच्या घटकात दहा परगणे, प्रत्येकाला स्वतःचं विधिमंडळ, मंत्रिमंडळ आणि पंतप्रधान. २०१३ च्या जनगणनेत ३५ लाख ३० हजारांच्या आसपास भरलेल्या देशात तेरा पंतप्रधान! शाळा, दवाखाने, पोलीस हे सगळं परगण्याकडे. वीज, कोळसा, दूरध्वनी फेडरेशनच्या कंपन्यांकडे. पाणीपुरवठा आणि कचरा नगरपालिकेकडे. या प्रत्येक ठिकाणी संचालक नेमायचा अधिकार सत्तेत बसणाऱ्यांचा. आघाडी जुळवताना मंत्रिपदांबरोबर कंपन्यांचीही वाटणी होते : ही तुमची, ती आमची. संचालक पक्षाचा, आणि खालची भरती संचालकाच्या हातात.

खाजगी क्षेत्र सशक्त असतं तर कदाचित कोणी या वाटेला फिरकलंही नसतं. पण तुझ्लातल्या मुलांनी खाजगी मालक घरातच पाहिला होता, बापाच्या रूपाने. इथे एक शब्द समजून घ्यावा लागतो : स्ताझ. नोकरीची मोजली जाणारी वर्षं म्हणजे स्ताझ. मालकाने निवृत्तिवेतनाचे हप्ते भरले तरच ती वर्षं जोडली जातात. हे हप्ते भरलेच गेले नाहीत, म्हणून कित्येक कामगारांना वय होऊनही निवृत्त होता येईना. माणूस तीस वर्षं पाळीला गेलेला, हाताला रसायनांचे डाग, आणि कागदावर त्याची सलग वर्षं नाहीत. दीताच्या कामगारांनी तर आतली यंत्रं कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून कारखान्याच्या दारात पहारा दिला. हे बघत मोठ्या झालेल्या मुलीला 'सरकारी नोकरीच्या मागे का लागतेस' असं विचारणं मला तरी अन्यायाचं वाटतं. सरकारी पगार सरासरीने जास्त होताच, पण ओढ त्याहून वेगळ्या गोष्टीची होती. तिथे हप्ते भरले जायचे.

अशी एक मुलगी डोळ्यासमोर आणू. ती कोणी एक खरी व्यक्ती नाही, पण तिची वाट हजारोंनी तुडवलेली आहे. तुझ्ला विद्यापीठातून तिने कायद्याची पदवी घेतली आहे. पहिला अडसर पदवीनंतर लगेच येतो. कायम जागेसाठी व्यावसायिक परीक्षा लागते, आणि त्या परीक्षेला बसायचं तर सहसा वर्षभराची उमेदवारी हवी. या उमेदवाराला तिथे प्रिप्रावनिक म्हणतात. उमेदवारीच्या जागा मोजक्या. म्हणजे नोकरीची रांग सुरू होण्याआधीच एक रांग उभी असते आणि पहिला फोन कोणाला तरी करावा लागतो तो तिथेच. बोस्नियात याला 'श्टेला' म्हणतात. जर्मन भाषेतल्या 'श्टेलेन'वरून तिथे 'श्टेलाती' असं क्रियापद रुळलं, म्हणजे यंत्राचे पेच जुळवून ते बरोबर लावणं. मराठीत आपण 'सेटिंग' म्हणतो तेच, अर्थाच्या छटेसकट. 'तुझी श्टेला आहे का?' हा तिथे अगदी साधा प्रश्न आहे. विचारणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही नाही.

मग जाहिरात येते, कोंकुर्स. पदवीची प्रत, जन्मदाखला, नागरिकत्वाचा दाखला अशी कागदं गोळा करायची, नगरपालिकेत जाऊन प्रती साक्षांकित करून घ्यायच्या, प्रत्येक शिक्क्याचे पैसे मोजायचे. सगळं एका पाकिटात घालून ते चिकटवायचं आणि वर लिहायचं : 'ने ओत्वाराय', उघडू नका. ते पाकीट समितीच्या बैठकीतच फुटावं आणि कोणी आधी डोकावू नये, म्हणून ही सूचना. आणि गावात मात्र जाहिरात लागायच्या आधीच माहीत असतं की जागा कोणाची आहे. अशा भरतीला लोक 'जुळवलेला कोंकुर्स' म्हणतात. मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हे बंद पाकीट. त्या मुलीने रीत पाळली, शिक्के मारले, डिंक लावला. निकाल लागतो तेव्हा तिला 'मी कमी पडले' असंही म्हणता येत नाही आणि 'मला फसवलं' हेही सिद्ध करता येत नाही. अर्ज भरत राहायचा खर्च तेवढा दर वेळी पदरचा.

चार-पाच पाकिटांनंतर घरातलंच कोणीतरी म्हणतं, अगं, पक्षात नाव घाल. यात विचारसरणीचा काही संबंध नसतो. तुझ्ला तर याचं ढळढळीत उदाहरण आहे. १९९० च्या निवडणुकीत देशभर राष्ट्रवादी पक्ष जिंकले, पण या शहराची सत्ता त्यांना मिळाली नाही. आपण वेगळे आहोत, जातधर्म न बघणारे आहोत, याचा इथल्या लोकांना सार्थ अभिमान आहे. २०१४ साली राजीनामा दिलेले परगण्याचे पंतप्रधानही समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचे होते. तरी भरतीची रीत तीच. पक्ष कोणता, यावर ती अवलंबून नव्हती. कार्ड सगळ्यांचंच चालायचं, फक्त त्या त्या कंपनीत त्या त्या पक्षाचं. शिवाय पक्षाच्या सदस्यत्वाच्या पुस्तिकेने दारं उघडतात, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. युगोस्लाव्हियाच्या साम्यवादी पक्षाचे ऐंशीच्या दशकात वीसेक लाख सदस्य होते आणि मोठ्या जागांवर ती लाल पुस्तिका लागायचीच. फरक एवढाच की तेव्हा ती साहेब होण्यासाठी लागायची. आता सफाई कामगार व्हायलाही विचारतात, अशी लोकांची तक्रार आहे.

सदस्य झाल्यावर काय करायचं? सभेला गर्दी करायची, पत्रकं वाटायची. आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या समितीत पक्षाचा माणूस म्हणून बसायचं. या कामाचा भत्ता मिळतो. बेरोजगार मुलाच्या हातात येणारा तो कित्येकदा पक्षाचा पहिला पैसा असतो. त्या समित्यांमधल्या जागांचीही पक्षापक्षांत अदलाबदल चालते, नावाला उभ्या केलेल्या छोट्या पक्षाच्या खुर्चीवर मोठ्या पक्षाचा माणूस बसतो, हे निवडणूक निरीक्षकांनी वारंवार नोंदवलं आहे. एका केंद्रावर मतदार काही शेच असतात, त्यामुळे कोणत्या गल्लीतून किती मतं आली ते बाहेर बसूनही कळतं. मुलीला जागा दिली की तिच्याबरोबर आई-बाप, भाऊ, लग्न झालं असेल तर सासरचे, अशी घरंच्या घरं बांधली जातात. आणि जागा दिली नाही, नुसती कबूल केली, तरीही बांधली जातात.

हा शेवटचा मुद्दा मला कळीचा वाटतो. बेरोजगारीवर बोलताना आपण म्हणतो की पक्ष आपल्या माणसांना नोकऱ्या देतो, आणि राग येतो तो ज्याला मिळाली त्याचा. पण जरा हिशेब करा. एका परगण्यात वर्षाला निवृत्तीमुळे, बदलीमुळे जागा रिकाम्या होणार त्या मोजक्या. त्यातल्या काही कायद्यानेच वेगळ्या वाटेने जातात, कारण युद्धात लढलेल्यांना आणि मारल्या गेलेल्यांच्या मुलांना अग्रक्रम असतो. उरलेल्या जागांवर नजर ठेवून असलेले सदस्य त्यांच्या कित्येक पट. मग सदस्यांपैकी बहुतेकांना पक्षाने काय दिलं? रांगेतला नंबर. तोही न लिहिलेला, त्यामुळे कोणीही मागून येऊन पुढे घुसू शकतं. ज्याला नोकरी लागली तो चार वर्षांनी कदाचित पक्षाला विसरेल. ज्याला लागायची आहे तो विसरू शकत नाही. जागा कमी असणं हीच या व्यवस्थेची ताकद आहे. उद्या त्या शहरात चार चांगले कारखाने सुरू झाले तर सभेच्या खुर्च्या कोण मांडणार?

आता फेब्रुवारी २०१४ कडे परत येऊ. आग विझल्यावर तुझ्लात जे घडलं ते आगीपेक्षा जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोकांनी प्लेनुम भरवला, म्हणजे खुली नागरिकसभा. कोणीही यावं, थोडक्यात बोलावं, मत एकालाच एक. खाणकामगार, प्राध्यापक, विद्यार्थी, पगार थकलेल्या बाया एकाच सभागृहात बसून मागण्या ठरवत होत्या. परगण्याचं नवं सरकार पक्षबाह्य तज्ज्ञांचं असावं, ही मागणी मान्य झाली. मंत्र्यांना पद गेल्यावरही काही महिने मिळत राहणारा पगार बंद करा, ही मागणीही मान्य झाली. या पगाराला लोक 'पांढरा पाव' म्हणायचे. दीता, पोलिहेम, कोन्यूह यांच्या खाजगीकरणाची चौकशी करा, कामगारांना त्यांचे थकलेले हक्क द्या, सरकारी प्रतिनिधींना समित्यांवर बसण्याचे मिळणारे जादा भत्ते रद्द करा, मंत्र्यांचे पगार इतरांच्या पातळीवर आणा, याही मागण्या होत्या.

यातल्या मुख्य मागण्या इमारत पेटली त्याच दिवशी, ७ फेब्रुवारीला, कामगारांनी आणि नागरिकांनी जाहीर केल्या होत्या. ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. तिच्यातली प्रत्येक मागणी योग्य आहे. पण भरतीबद्दल तिच्यात एकही ओळ नाही. दगड मारणाऱ्यांत तरुण पुढे होते, पण यादी लिहिताना त्यांची अडचण कागदावर उतरली नाही. याचा दोष मी कोणाला देणार नाही. थकलेला पगार मोजता येतो, बुडालेला हप्ता दाखवता येतो. न लागलेली नोकरी दाखवायची कशी? 'हा कोंकुर्स जुळवलेला होता' असं सभेत उभं राहून म्हणणारी मुलगी पुढच्या पाकिटाचं काय करणार होती? आणि खरं सांगायचं तर त्या सभागृहात अशीही घरं होती जिथे एक जण थकलेल्या पगारासाठी भांडत होता आणि दुसरा श्टेलानेच दवाखान्यात लागला होता. त्या घराने भरतीवर बोलायचं म्हणजे आपल्याच ताटावर बोलायचं. या रीतीविरुद्ध एकजूट होत नाही, ती यामुळे.

म्हणून मंत्री बदलले, पण संचालक आणि रिकामी जागा यांच्यामधली किल्ली जिथल्या तिथे राहिली. फेडरेशनच्या कामगार कायद्यात तेव्हा सार्वजनिक कंपन्यांवर प्रत्येक जागेची जाहिरात देण्याचं सरसकट बंधनच नव्हतं. मे महिन्यात महापूर आले, डोंगर घसरले, माणसं सभेतून उठून गाळ उपसायला गेली. ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या वेळी निवडणूक झाली. समाजवादी लोकशाहीवाद्यांना जबर फटका बसला आणि बोस्नियाकांचा, म्हणजे बोस्नियातल्या मुस्लिमांचा, राष्ट्रवादी पक्ष परगण्यात पुन्हा पहिला आला. आठ महिन्यांपूर्वी ज्यांच्या कार्यालयांना आगी लागत होत्या त्यांनाच लोकांनी मतं दिली, म्हणून बाहेरच्या अनेकांनी तेव्हा आश्चर्य व्यक्त केलं. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. तज्ज्ञांचं सरकार चारित्र्याने स्वच्छ असू शकतं, पण त्याच्याकडे रांग नव्हती. रांगेत चार वर्षं घातलेल्या माणसाला रांग मोडून हवी असते असं आपण बाहेरून धरून चालतो. त्याला बहुधा फक्त आपला नंबर यायला हवा असतो.

दीताचं नंतर थोडं बरं झालं. २०१५ मध्ये कामगारांनी दिवाळखोरीच्या अवस्थेतच उत्पादन पुन्हा सुरू केलं, लोकांनी दुकानात मागून मागून त्यांचा माल घेतला, आणि पुढे एका देशी दुकानसाखळीने कारखाना विकत घेतला. या सगळ्या प्रकरणात जिथे खरोखर नव्याने काम उभं राहिलं ती जागा हीच, आणि तिथे कोणत्याही पक्षाचा हात नव्हता.

तरुणांनी मात्र दुसरी वाट धरली. २०१३ मध्ये एका स्वस्त विमान कंपनीने तुझ्लाहून उड्डाणं सुरू केली, आणि पुढे ती डॉर्टमुंड, मेमिंगन अशा जर्मन शहरांकडेही जाऊ लागली. २०१६ पासून जर्मनीने बाल्कनच्या सहा देशांतल्या लोकांसाठी एक सोपी तरतूद केली : तिथल्या मालकाचं कामाचं पत्र असेल तर पदवी किंवा कौशल्याचा दाखला नसला तरी कामाचा परवाना मिळू शकेल. ही सोय इतकी चालली की २०२१ पासून तिला वर्षाला २५,००० ची मर्यादा घालावी लागली आणि २०२४ मध्ये ती दुप्पट केली गेली. बोस्नियातला तरुणांच्या बेरोजगारीचा दर २०१९ पर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास उतरला. सरकारं तो आकडा कौतुकाने सांगतात. काम शोधणारेच देशाबाहेर गेले की दर उतरतोच, हे त्याच्या शेजारी लिहिलेलं नसतं.

२०१८ मध्ये फेडरेशनच्या कामगार कायद्यात अखेर दुरुस्ती झाली. सार्वजनिक क्षेत्रात जाहीर कोंकुर्सशिवाय भरती नाही, असं ठरलं, आणि २०१९ मध्ये त्याची नियमावली आली. ही सुधारणा मोठी आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. निदान आता जागा असल्याचं सगळ्यांना कळतं आणि निकालाविरुद्ध दाद मागताना हातात कागद असतो. पण तोंडी परीक्षेचे गुण देणारी समिती नेमणार कोण? ज्याची भरती, तोच. लेखी परीक्षेत दहा गुणांनी पुढे असलेल्याला तोंडीत मागे टाकणं अवघड नसतं. त्यामुळे ते बंद पाकीट अजून बंद आहे. ते फुटायच्या वेळी आत काय होतं, एवढी नोंद मात्र आता ठेवावी लागते.

जर्मनीची वाट आणि कायद्यातली ही दुरुस्ती, या दोन गोष्टी साधारण एकाच वेळी घडल्याने रांगेत कोण उरलं, तेही बदललं असणार. परिचारिका, वीजतंत्री, वेल्डर यांना जर्मनीत आहे तेच काम मिळतं. त्यांना कार्ड कशाला हवं? तुझ्लाचा दवाखाना उद्या त्यांच्याकडे पक्षाची ओळख मागायला गेला तर जागाच रिकामी राहील. पण आपल्या त्या मुलीची पदवी कायद्याची. बोस्नियाचा कायदा जर्मनीतल्या बव्हेरियात चालत नाही. तिच्यापुढे एका बाजूला गोदामात खोकी भरायचं काम आहे. तिथे हप्ते वेळेवर भरले जातात, स्ताझ जोडला जातो, फक्त कायद्याचं शिक्षण सीमेवर ठेवून जावं लागतं. दुसऱ्या बाजूला परगण्यातलं एक टेबल आहे. ते तिला कबूल झालं आहे, पुढच्या निवडणुकीनंतर.